जकात : नाक्यावरची आणि धर्मातली

महाराष्ट्रात ‘जकात’ हा शब्द ऐकला नाही असा माणूस विरळा. शहराच्या वेशीवरचा नाका, मालमोटारींची रांग, पावती फाडणारा कारकून आणि पावती न फाडता उरकले जाणारे व्यवहार, असे सारे चित्र त्या एका शब्दासरशी डोळ्यांपुढे उभे राहते. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि मुंबई महापालिकेची जकातही संपली. तरी ‘जकात नाका’ हे नाव पुष्कळ गावांतल्या चौकांना आणि बसथांब्यांना अजून चिकटून आहे. शब्द मूळचा अरबी. इस्लामच्या पाच आधारस्तंभांपैकी एकाचे ते नाव. शुद्ध होणे आणि वाढीस लागणे, असे दोन्ही अर्थ त्याच्या धातूत आहेत. राज्यकर्त्यांच्या दफ्तरांतून तो मराठीत उतरला तेव्हा त्यातला धर्म गळून पडला आणि वसुली तेवढी शिल्लक राहिली.

शब्दांचे असे होतच असते. मला खंत वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. शेजारच्या माणसाचा धर्म आपण डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल तेवढाच ओळखतो. बांग ऐकू येते, टोपी आणि बुरखा दिसतो, बकरी ईदचा बकरा दिसतो. आपले सारे वादही याच चार गोष्टींभोवती फिरत राहतात. जो स्तंभ माणसाच्या तिजोरीशी संबंधित आहे, आणि म्हणून समाजवाद्याने सर्वांआधी ज्याची चौकशी करावी, तो आपल्याला ठाऊक नसतो. वस्तुतः या विषयात मराठीची परंपरा हिणकस नाही. महात्मा फुल्यांनी महंमद पैगंबरांवर रचना केली, साने गुरुजींनी ‘इस्लामी संस्कृति’ लिहिली, विनोबांनी कुराणाचे सार काढले. तरीही मी स्वतः पदव्युत्तर अर्थशास्त्र शिकून, मालेगावसारख्या गावात अध्यापनाला लागल्यावरही कित्येक वर्षे असेच समजत होतो की, रमजानात फकिरांना जी खैरात वाटतात तिलाच जकात म्हणत असावेत. या अज्ञानाची मला आज लाज वाटते. ते माझ्या एकट्याचे नव्हते, एवढेच काय ते समाधान.

पाच स्तंभांपैकी पहिला श्रद्धेच्या उच्चाराचा. एकाच ईश्वरावाचून दुसरा कोणी उपास्य नाही आणि महंमद हे त्याचे प्रेषित आहेत, ही ती साक्ष. तिच्या पोटात बाकीच्या श्रद्धा येतात : देवदूत, ईश्वरी ग्रंथ, आदमपासून इब्राहिम, मुसा, इसा यांच्यापर्यंतचे सारे प्रेषित, आणि अखेरचा दिवस, ज्या दिवशी प्रत्येकाचा हिशेब होईल. आपला ‘हिशेब’ हा शब्दही अरबीतूनच आला. त्या दिवसाचे एक नावच हिशेबाचा दिवस असे आहे. दुसरा स्तंभ पाच वेळच्या नमाजाचा. तिसरा जकातीचा, चौथा रमजानच्या उपवासांचा, पाचवा हजचा.

या पाचांकडे व्यक्तीच्या मोक्षाचे साधन म्हणून पाहता येते, आणि बहुतेक श्रद्धावान तसेच पाहतात. परंतु प्रत्येकात दुसऱ्या माणसाला कोठे ना कोठे जागा करून ठेवलेली आहे, ही गोष्ट मला अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून लक्षणीय वाटते. नमाजाची रांग खांद्याला खांदा लावून असते. तीत राखीव आसन नसते. रोजा पहाटेपासून सूर्यास्तापर्यंतचा. आजाऱ्याला आणि प्रवाशाला तो पुढे ढकलण्याची मुभा आहे, पण ज्याला म्हातारपणामुळे किंवा असाध्य व्याधीमुळे तो कधीच झेपणार नाही, त्याने प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालायचे असते. ईदच्या नमाजाला जाण्यापूर्वी घरातल्या तान्ह्या मुलासकट प्रत्येकाच्या नावे फित्रा काढायचा, तोही अशासाठी की त्या दिवशी कोणाची चूल थंड राहू नये. हज ऐपत असणाऱ्यालाच बंधनकारक आहे. देणेकऱ्याने आधी देणे फेडावे असे शास्त्र सांगते. आणि यात्रेत पुरुषाच्या अंगावर दोन न शिवलेली पांढरी वस्त्रे, मग तो संस्थानिक असो की हमाल. (आपल्या सरकारने हजयात्रेसाठीचे अनुदान २०१८ साली बंद केले. ऐपतीची अट धर्मानेच घातली असताना सरकारी पैसा कशाला, असे म्हणणारे मुसलमान विचारवंत त्याच्या पुष्कळ आधीपासून होते. त्यांचे म्हणणे कोणी मनावर घेतले नव्हते.)

नमाजातली समता मात्र मशिदीच्या पायरीशी संपू शकते. जकातीची गोष्ट निराळी आहे, कारण तिला आकडे आहेत.

ते आकडे सांगतो. कर्ज वजा जाता आणि राहते घर, भांडीकुंडी, अंगावरचे कपडे असल्या गरजेच्या वस्तू सोडून, ज्याच्याजवळ एका ठराविक मर्यादेहून अधिक धन एक चांद्र वर्ष राहिले, त्याने त्यातला चाळिसावा भाग, म्हणजे शेकडा अडीच, काढून द्यायचा. या मर्यादेला निसाब म्हणतात. आपल्याकडच्या मापात साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी. पावसाच्या पाण्यावर पिकलेल्या धान्याचा दहावा हिस्सा. मोटेने किंवा पैसे मोजून पाणी दिले असेल तर विसावा, कारण तेथे शेतकऱ्याचा खर्च झालेला असतो. चाळीस शेळ्यांमागे एक शेळी. जमिनीत गाडलेले धन अवचित सापडले तर मात्र त्याचा पाचवा हिस्सा. म्हणजे कष्ट जितके कमी तितका दर चढा. सातव्या शतकातल्या वाळवंटी समाजाने करनिर्धारणाचे हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे मांडावे, याचे मला आजही नवल वाटते.

दुसरे असे की, ही आकारणी मिळकतीवर नाही, साठ्यावर आहे. पैसा नुसता पुरून ठेवला तर दरसाल चाळिसावा भाग जात जात सुमारे अठ्ठावीस वर्षांत तो निम्म्यावर येतो. अनाथाची मालमत्ता सांभाळणाऱ्याने ती व्यापारात घालावी, नाहीतर जकातच ती खाऊन टाकील, असा सल्ला परंपरेत सांगितलेला आहे. पैसा फिरता राहिला पाहिजे हे सांगायला आमच्या शास्त्राला केन्सपर्यंत थांबावे लागले!

हे धन कोणाला द्यायचे, हेही दात्याच्या लहरीवर सोडलेले नाही. कुराणाच्या नवव्या अध्यायात आठ धनी सांगितले आहेत : कंगाल, गरजू, जकात गोळा करण्याचे काम करणारे, ज्यांची मने जोडून घ्यायची आहेत असे लोक, गुलामीत मान अडकलेले, कर्जात बुडालेले, ईश्वरी कार्य आणि वाटसरू. मागणाऱ्याचा आणि वंचिताचा संपन्नांच्या मालमत्तेत ठरलेला हक्क आहे, अशी भाषा कुराणात आहे. भाषा हक्काची आहे. देणारा उपकार करीत नाही, दुसऱ्याची वस्तू त्याच्या हवाली करतो. ती न दिली तर उरलेले सारे धन अशुद्ध राहते, म्हणून नाव जकात. ‘माऊन’ या छोट्याशा अध्यायात तर नमाज पढणाऱ्यांचीच कानउघाडणी आहे : अनाथाला हुसकून लावायचे, शेजाऱ्याला क्षुल्लक वस्तू द्यायलाही कुरकुर करायची आणि दिखाऊ प्रार्थना करायची, हा धर्माला खोटे पाडण्याचा प्रकार होय, असा त्याचा आशय.

या हक्काची अंमलबजावणी प्रारंभी शासनाने केली. पैगंबरांच्या निधनानंतर, ६३२ साली, काही टोळ्या म्हणाल्या की आम्ही नमाज पढू, जकात तेवढी देणार नाही. पहिले खलिफा अबू बक्र यांनी त्यांच्याविरुद्ध शस्त्र उचलले. या लढायांत राज्य टिकवण्याचे राजकारण होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. दुसरे खलिफा उमर यांच्या काळात ६३९च्या सुमारास अरबस्तानात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा चोरीबद्दल हात तोडण्याची शिक्षा त्यांनी स्थगित केली, असे परंपरा सांगते. भुकेलेल्याच्या चोरीत पोट भरलेल्यांचाही वाटा असतो, हे मान्य केल्यावाचून असा निर्णय होत नाही. याच उमरांनी एका वृद्ध यहुदी भिकाऱ्याला सरकारी खजिन्यातून वेतन बांधून दिले, ही कथाही अबू यूसुफ या प्राचीन न्यायपंडिताच्या ग्रंथात आली आहे. ती मी मुद्दाम सांगतो आहे. तिच्याकडे पुन्हा येऊ.

आणि मग अबू जर गिफारी. पैगंबरांचा हा जुना सोबती, साम्राज्य वाढले, दमास्कसला महाल उठले, तेव्हा सोने-चांदी साठवणाऱ्यांना भर बाजारात सुनावू लागला. अडीच टक्के दिले की उरलेल्या साडेसत्त्याण्णवांचे काहीही करा, हे त्याला मान्य नव्हते. गरजेपुरते ठेवून बाकी सारे वाटून टाका, असे तो म्हणे. सीरियाचा सुभेदार मुआविया त्याला कंटाळला, खलिफा उस्मान यांनाही तो झेपेना. रबजा नावाच्या ओसाड जागी राहायला त्याला जावे लागले आणि तेथेच तो मेला. विसाव्या शतकात इराणच्या अली शरीअतींपासून अनेकांनी त्याला इस्लामी समाजवादाचा आद्य पुरुष ठरवले. ठरवोत बापडे. मला तो आठवतो तो वेगळ्या कारणासाठी : कायद्याने सांगितलेला किमान आकडा हीच नीतीची कमाल मर्यादा, असे धनिक मानू लागले तेव्हा त्यांना विचारणारा कोणीतरी होता.

पुढचा इतिहास विचारणारे कमी आणि वाटा शोधणारे अधिक, असा आहे. रोकड, सोने, मालाचा साठा यांची जकात ज्याची त्याने स्वतः द्यावी, अशी मुभा उस्मानांच्या काळापासून रूढ झाली. त्याबरोबर पळवाटाही निघाल्या. वर्ष भरण्याच्या आदल्या दिवशी धन पत्नीच्या नावावर करायचे आणि पुढच्या वर्षी तिने पतीच्या! अशा युक्तीला हीला म्हणतात. इस्लामी पंडितांतल्या कित्येकांनी तिचा धिक्कार केला आहे. आमच्या आयकर सल्लागारांना मात्र ती फार ओळखीची वाटेल.

पळवाटांपेक्षाही मोठी अडचण काळाची आहे. मूळ व्यवस्थेत साडेसात तोळे सोने आणि साडेबावन्न तोळे चांदी यांची किंमत समान धरलेली होती, म्हणजे वजनाच्या हिशेबाने एकास सात. आज सोन्याचा भाव चांदीच्या कित्येक दहापटींनी आहे. चांदीचा निसाब धरला तर हातावर पोट असलेल्या कुटुंबाची चार पैशांची शिल्लकही आकारणीत येते; सोन्याचा धरला तर सुखवस्तू माणूसही सुटतो. शिवाय पंथभेद. हनफी मताप्रमाणे स्त्रीच्या अंगावरच्या सोन्याचीही जकात निघते; शाफई मताप्रमाणे नेहमीच्या वापराचे दागिने सुटतात. आपल्या कोकणातले मुसलमान शाफई, मालेगावचे मोमिन हनफी. तेव्हा एकाच महाराष्ट्रात पाटल्यांची एक जोडी कोठे करपात्र असते, कोठे नसते. यातली एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. स्त्रीच्या सोन्याची जकात तिच्याच नावे निघते, कारण ते धन तिचे आहे, पतीचे नव्हे. ज्या धर्मशास्त्राने तिला स्वतंत्र मालक मानले, त्याच्याच नावाने तिला तीन शब्दांत घराबाहेर काढण्याची रूढी चालली, आणि तिच्याविरुद्ध हमीद दलवाईंना १९६६ साली मुंबईत सात स्त्रियांचा मोर्चा काढावा लागला. तो तलाक कायद्याने रद्द व्हायला २०१७चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आणि २०१९चा कायदा उजाडला.

परंतु सर्वांत मोठी सूट कोणाला आहे? उत्पादनाच्या साधनांना. जुन्या धर्मशास्त्राप्रमाणे कारागिराच्या हत्यारांवर जकात नाही. सुताराची करवत, विणकराचा हातमाग हे त्याच्या पोटाचे साधन. त्यावर आकारणी करू नये, हे योग्यच होते. आता त्याच नियमाने गिरणीतली यंत्रे सुटतात. सूत मोजायचे, विणलेले कापड मोजायचे, गल्ल्यातली रोकड मोजायची. माग मोजायचे नाहीत. इजिप्तमध्ये शिकलेले पंडित यूसुफ अल-करदावी यांनी जकातीवरच्या आपल्या विस्तृत ग्रंथात कारखान्याच्या उत्पन्नाला शेतीच्या उत्पन्नाचा न्याय लावावा, दहावा किंवा विसावा हिस्सा घ्यावा, असे प्रतिपादन केले. त्यांच्या इतर राजकीय मतांशी माझे जमणे कठीण. हा युक्तिवाद मात्र मला बिनतोड वाटतो. मालेगावात तो अमलात आणणारा माणूस मला भेटलेला नाही.

येथे गैरसमज नको, म्हणून आपल्या प्रजासत्ताकाचेही सांगून टाकतो. निकोलस कॅल्डॉर यांच्या शिफारशीनंतर १९५७ साली आपण संपत्ती कर बसवला. १९९३पासून तो बहुतांशी घरे, मोटारी, दागदागिने यांच्यापुरता उरला. भाग-भांडवलासारखी उत्पादक म्हणवली जाणारी संपत्ती त्यातून सुटली. आणि २०१५च्या अर्थसंकल्पात तो कर पुरता काढूनच टाकण्यात आला. तेव्हा माग सोडून दागिना मोजणाऱ्या मौलवींना हसण्याचा अधिकार आम्हा आधुनिकांना उरलेला नाही. मौलवी निदान दागिना तरी मोजतात.

आता ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहायला बसलो ती सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी आज चौसष्ट मागांचा धनी आहे. १८५७ नंतर उत्तरेकडून मालेगावी आलेल्या विणकर घराण्यांपैकीच त्याचे एक. आजोबा हातमागावर, वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर, हा स्वतः मालक. दरवर्षी रमजानात तो वही घेऊन माझ्याकडे येतो. ‘सर, आकडे तुम्ही बघा, मसला मौलवीसाहेब बघतील,’ असे आमचे श्रमविभाजन ठरलेले आहे. माणूस सचोटीचा. वर्षाची पै न् पै लिहिलेली. जकात कोणाला दिली त्याची यादीही असते. गेल्या खेपेस ती यादी वाचताना मी अडखळलो.

‘ही तिघे तुझ्याच कारखान्यातले ना?’

‘हो, सर. त्यांना देता येते. मौलवीसाहेबांना विचारले आहे मी. फक्त मजुरीत धरायचे नाही.’

मौलवीसाहेबांचे उत्तर शास्त्राला धरून होते. आपल्या नोकराला जकात देता येते. अट एवढीच की, ती कामाचा मोबदला म्हणून देऊ नये आणि घेणारा निसाबाखालचा असावा. हे तिघे निसाबाखालचे होते. त्यांतला एक सोळा वर्षे याच मागांवर बारा-बारा तासांच्या पाळ्या करीत आला होता. सोळा वर्षांच्या श्रमानंतर तो आठ धनींपैकी पहिल्या दोहोंत मोडत होता, आणि याचा दाखला कोण देत होता, तर त्याचा मालक! एकाच वहीच्या एका पानावर त्याची मजुरी, दुसऱ्या पानावर त्याच्या दारिद्र्याची नोंद. दोन्ही पाने एकाच हाताने लिहिलेली, दोन्ही बिनचूक.

मी विचारले, ‘याला मजुरीच पुरेशी दिली असतीस तर त्याचे नाव या यादीत आले असते का?’

तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘सर, दर मी एकट्याने वाढवला तर माझे कापड घेणार कोण?’

त्याचे म्हणणे खोटे नव्हते. सुताचा भाव त्याच्या हाती नाही, कापडाचा नाही, विजेचा नाही. मधला व्यापारी दोन्हीकडून पिळतो आणि मालक तो पीळ खाली मजुराकडे सरकवतो. कारखाना कायद्याच्या कक्षेत येऊ नये म्हणून माग भावांच्या, पुतण्यांच्या नावे वाटलेले असतात. मग हजेरीपट नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. मालेगाव हे साथी निहाल अहमद यांचे गाव. समाजवादी चळवळीने तेथे अनेक वर्षे आमदार निवडून दिला. तरी मजुरीचा प्रश्न जेथल्या तेथेच राहिला, हे आपण आपल्याशी कबूल केले पाहिजे.

त्या दिवशी त्याने आणखी एक शंका काढली. अकरा मजुरांकडे उचल बाकी होती. लग्न, आजारपण, घराचे छप्पर, असल्या कारणांसाठी घेतलेली. ती फिटेपर्यंत मजूर दुसऱ्या कारखान्यात जाऊ शकत नाही, गेला तर नवा मालक ती फेडून त्याला ‘घेतो’. ही उचलच जकात म्हणून माफ केली तर चालेल का, असे त्याला विचारायचे होते. मौलवीसाहेब नाही म्हणाले होते. बुडीत येणे सोडून दिल्याने जकात फिटत नाही; रक्कम गरिबाच्या हातात पडली पाहिजे, ती त्याच्या मालकीची झाली पाहिजे. मग त्यातून त्याने कर्ज फेडायचे की नाही, हे त्याचे तो ठरवील. मला हा नियम प्रथम तांत्रिक वाटला. विचार केल्यावर त्यातला कस कळला. जे पैसे येणारच नव्हते ते सोडून देऊन पुण्य घेण्याची वाट त्याने बंद केली आहे.

आणि गुलामीत मान अडकलेले, हा जो पाचवा धनी, त्याचे काय? पंडित म्हणतात, गुलामगिरी संपली, तेव्हा हे कलम आता रिकामे आहे. आपल्या संसदेने १९७६ साली वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा केला, त्यात आगाऊ रकमेपायी श्रम बांधले जाणे हीच वेठबिगारीची खूण मानली आहे. उचलीपायी एका मालकाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होणाऱ्या माणसाची मान मोकळी आहे, असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

शासनाने हे काम हाती घ्यावे, असे कोणी सुचवील. पाकिस्तानात ते झाले. ‘इस्लाम आमचा धर्म, समाजवाद आमची अर्थनीती’ अशी घोषणा भुट्टोंच्या पक्षाने दिली होती. तिचे काय झाले ते सर्वज्ञात आहे. त्यांना फासावर चढवणाऱ्या जनरल झियांनी जून १९८०मध्ये जकात आणि उश्र यांचा वटहुकूम काढला. पहिल्या रमजानला बचत खात्यांतून अडीच टक्के परस्पर कापून घ्यायचे. पुढच्याच महिन्यात हजारो शियांनी इस्लामाबादेत ठाण मांडले : आमच्या पंथाची व्यवस्था वेगळी आहे, सुन्नी पद्धतीची वसुली आमच्यावर का? सरकार नमले, शियांना सूट मिळाली. मग सुन्नी खातेदारही रमजानच्या तोंडावर पैसे काढून घेऊ लागले. श्रद्धेचे कर्तव्य हुकूमशहाच्या कारकुनाने कापून घेतले की भाविकही बँकेच्या दारात रांग लावतो! १९९९मध्ये तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने सुन्नींनाही नकाराची मुभा दिली.

मलेशियातला दाखला याहून बोलका आहे. जेम्स स्कॉट या अमेरिकी अभ्यासकाने १९७८ ते १९८० या काळात केदाह राज्यातल्या एका भातशेतीच्या खेड्यात मुक्काम केला. तेथे सरकारी जकात वसूल होई ती भातपिकावर, म्हणजे बहुधा गरीब शेतकऱ्यांकडून, आणि गावात परत फारसे काही येत नसे. शेतकऱ्यांनी मोर्चा काढला नाही. पीक कमी सांगितले, ओले, खडेमिश्रित भात घातले, कोठे काहीच घातले नाही. वसुली नुसती कागदावर राहिली. त्याच गावात कापणीनंतर जमीनमालक मजुरांना खाजगी जकात देत असत. कापणीची यंत्रे आली, मजुरांची गरज संपली, आणि ती जकातही आटली. ज्याच्या श्रमाची गरज उरत नाही त्याचा हक्कही विसरला जातो, हे त्या गावाने पाहिले. माझ्या विद्यार्थ्याच्या यादीतल्या तिघांकडे मी त्या अनुभवाच्या प्रकाशात पाहतो.

भारतात सरकारचा संबंध नाही, आणि धर्मातीत राज्यात तो नसावा हेच योग्य. परिणामी रमजान लागला की मदरशांचे सफीर पावतीपुस्तके घेऊन गावोगाव फिरतात. मदरशांत गरिबांची मुले शिकतात, जेवतात. ते काम तुच्छ नाही. तथापि हनफी शास्त्राप्रमाणे जकातीतून इमारत बांधता येत नाही, शिक्षकाला पगार देता येत नाही, कारण धन कोणा गरिबाच्या मालकीचे झाले पाहिजे. म्हणून रक्कम आधी एखाद्या गरीब विद्यार्थ्याच्या हाती ठेवायची आणि त्याने ती संस्थेला ‘दान’ करायची, असा उपचार अनेक ठिकाणी होतो. हक्क हातात आला आणि त्याच क्षणी गेला. त्या मुलाला त्या रकमेचे खरोखरच काय करायचे आहे, असे त्याला कोणी विचारून पाहावे, असे मला वाटते. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालाने लोकसंख्येत १३.४ टक्के असलेल्या या समाजाचा भारतीय प्रशासन सेवेतला हिस्सा ३ टक्के दाखवला. शिष्यवृत्ती, तंत्रशिक्षण, कर्जमुक्ती यांसाठी शहराशहरांत जकातीचे सामुदायिक, तपासणीला खुले असे निधी उभारण्याचे प्रयत्न काही ठिकाणी सुरू झाले आहेत. ते वाढले पाहिजेत.

एक अप्रिय मुद्दा राहिला. बहुसंख्य पंडितांच्या मते जकात मुसलमानेतर गरिबाला देता येत नाही. त्याला ऐच्छिक दान द्यावे. माझ्या विद्यार्थ्याच्या कारखान्यात सारे मजूर मुसलमान नाहीत. निसाबाखालचे मात्र जवळजवळ सगळे आहेत. मी त्याला उमरांच्या त्या यहुदी वृद्धाची गोष्ट सांगितली. ती त्याला ठाऊक होती. ‘ते बैतुलमालमधून, सर, जकातीतून होते की नाही यावर मतभेद आहेत,’ तो म्हणाला. असतील. दानाला सम-विभाजन म्हणणाऱ्या विनोबांना १९५१ साली पोचमपल्लीला पहिली जमीन मिळाली, तेव्हापासूनचा भूदानाचा हिशेब मांडला तर त्यातही पडीक जमिनी आणि कागदी दाने कमी निघत नाहीत. आपल्या देवस्थानांच्या हुंड्यांविषयी तर बोलायलाच नको. तेथे गरिबाचा वाटा किती, हे विचारणारे कलमच नाही.

निघताना त्याने सहज विचारले, ‘सर, मागही धरले तर किती होईल?’ करदावींच्या पद्धतीने मी त्याच्या निव्वळ उत्पन्नाचा दहावा हिस्सा काढून दिला. आकडा त्याच्या नेहमीच्या जकातीच्या तिपटीहून थोडा अधिक आला. त्याखाली दुसरी एक ओळ लिहिली : तेवढीच रक्कम मजुरीत घातली तर मजुरामागे दरमहा किती पडेल. त्याने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि वहीत ठेवला. त्या अकरा जणांना त्याने ईदपूर्वी रोख रकमा दिल्या, परत मागितल्या नाहीत. सहा जणांनी त्यातून उचल फेडली, पाच जणांनी नाही. त्या पाचांतले दोघे दुसऱ्या कारखान्यात गेले. मजुरीचा दर गेल्या रमजानात होता तोच आहे. तो कागद अजून वहीत आहे, असे परवा तो फोनवर म्हणाला.